वस्तू हातात न देता दाखवायची कशी? मार्केटिंगसाठी फोटो आणि चित्रे तयार करण्याची पायरीवार पद्धत

समोरासमोर विक्री होते तेव्हा ग्राहक वस्तू उचलतो, उलटीसुलटी करून बघतो, झाकण उघडतो, वजन हातावर तोलतो. फोनच्या पडद्यावर यातले काहीच करता येत नाही. हाताचे सगळे काम डोळ्यांवर येते, आणि डोळ्यांना तुम्ही जेवढे दाखवाल तेवढेच दिसते. मार्केटिंगमध्ये चित्राला किंमत आहे ती यामुळे. शोभा ही त्यानंतरची गोष्ट.

नवीन माणूस बहुतेक वेळा सुरुवात कॅमेऱ्यापासून करतो, नाहीतर एखाद्या छानशा टेम्प्लेटपासून. मग वीस फोटो निघतात आणि वीसही समोरून काढलेले, एकसारखे असतात. ग्राहकाला जे विचारायचे होते ते राहूनच जाते. म्हणून या लेखात कॅमेरा चौथ्या पायरीवर येतो.

समजायला सोपे जावे म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतले आहे: झाकणाची, कोरलेला लोगो असलेली स्टीलची पाण्याची बाटली. ती मुद्दाम निवडली आहे. गोल आणि चकचकीत वस्तूचा फोटो सगळ्यात अवघड. तो जमला की कापडी पिशवी, वही, लाकडी खेळणे हे सोपे वाटते.

## आधी जमवून ठेवायचे सामान

- चांगला कॅमेरा असलेला फोन आणि लेन्स पुसायला मऊ कापड
- ट्रायपॉड आणि फोन पकडणारा क्लॅम्प
- खिडकीजवळ सरकवता येईल असे टेबल
- जाड पांढऱ्या कागदाची गुंडाळी, वस्तूच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब
- दोन-तीन पांढरे पुठ्ठे किंवा थर्माकोलचे तुकडे, आणि काळ्या कागदाच्या पट्ट्या
- ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा पडदा
- चिकटपट्टी, मोजपट्टी, मऊ ब्रश, सुती हातमोजे
- फोटो सुधारायला एक ॲप (स्नॅपसीड, लाइटरूम) आणि मजकूर घालायला एक (कॅनव्हा, फिग्मा)

कागदपत्रांत तीन गोष्टी हाताशी ठेवा: लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी), ब्रँडच्या रंगांचे कोड आणि फोटोत माणसे असतील तर त्यांच्या लेखी संमतीचा नमुना. लोगो फक्त जेपेगमध्ये असेल तर तो बनवणाऱ्याकडून एसव्हीजी फाइल आजच मागून घ्या. बॅनर छापायची वेळ येते तेव्हा ती हमखास सापडत नाही.

## १. प्रश्नांची यादी करा

कागद घ्या आणि वस्तू हातात घेतल्यावर माणूस काय काय तपासेल ते लिहून काढा. प्रश्न मनाने बनवू नका. आलेले मेसेज वाचा, परत आलेल्या वस्तूंची कारणे बघा, तशाच वस्तूंवरचे नाराज अभिप्राय वाचा. बाटलीसाठी यादी साधारण अशी होते:

- हातात धरल्यावर केवढी दिसते?
- तोंड किती रुंद? धुण्याचा ब्रश आत जातो का?
- झाकणाची रबरी रिंग निघते का?
- बॅगेच्या बाहेरच्या खिशात बसते का?
- तळ कसा आहे? घसरेल का?
- खरा रंग कोणता?
- खोक्यात बाटलीबरोबर काय काय येते?

आता प्रत्येक प्रश्नासमोर एक फोटो लिहा. हातात धरलेली बाटली. तोंडात अर्धा गेलेला ब्रश. झाकण, रिंग आणि बाटली वेगवेगळी मांडलेली. खिशात खोचलेली. उलटी करून तळ. खोक्यातले सगळे सामान एका चौकटीत. सात-आठ फोटोंत काम होते, आणि त्यातला एकही केवळ भरतीचा नसतो.

आकाराच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. पांढऱ्या बॅकग्राउंडवर एकटी उभी असलेली अर्ध्या लिटरची आणि एक लिटरची बाटली सारखीच दिसते. खाली सेंटिमीटर लिहिलेले असले तरी वाचणारे थोडे असतात. एक फोटो हाताबरोबर हवा, आणि एक असा हवा ज्यावर उंची आणि व्यास रेघा ओढून दाखवले आहेत.

वस्तूची कमकुवत बाजूही दाखवा. स्टीलवर बोटांचे ठसे उमटत असतील, हँडल फक्त एका बाजूने फिरत असेल, तर ते फोटोत दिसू द्या. जे आधी कळले त्यावरून वस्तू परत येत नाही.

तुम्ही सेवा देत असाल (दुरुस्ती, शिकवणी, हिशेब, सजावट) तर दाखवायला वस्तू नसते, पण काम असते. कामाआधीची आणि नंतरची जागा एकाच कोनातून, एकाच उजेडात. काम चालू असतानाचे हात आणि हत्यारे. शेवटी ग्राहकाच्या हातात जे पडते ते: अहवालाचे पान, तयार वेळापत्रक, दुरुस्त झालेला भाग. हस्तांदोलन करणाऱ्या अनोळखी माणसांचे विकतचे फोटो यातल्या कशालाच उत्तर देत नाहीत.

## २. फोटो कुठे लागणार ते आधी ठरवा

हे आधी का? कारण आडवा काढलेला फोटो उभ्या चौकटीत बसवताना बाटलीचे झाकण कापले जाते. नेहमी लागणारी मापे, पिक्सेलमध्ये:

- इन्स्टाग्राम पोस्ट: १०८० × १३५०, म्हणजे ४:५
- स्टोरी आणि रील: १०८० × १९२०, म्हणजे ९:१६
- लिंक शेअर केल्यावर दिसणारे चित्र: १२०० × ६३०
- यूट्यूब थम्बनेल: १२८० × ७२०
- ॲमेझॉनवरचा मुख्य फोटो: लांब बाजू १००० पिक्सेलपेक्षा जास्त असली तरच झूम चालतो. बॅकग्राउंड शुद्ध पांढरे (लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा आकडा २५५), वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला, आणि वर कोणताही मजकूर किंवा वॉटरमार्क नाही
- छपाई: ज्या मापात छापायचे त्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), शिवाय कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा

यातले सापळे लक्षात ठेवा. स्टोरीच्या जाहिरातीत वरचे सुमारे २५० आणि खालचे सुमारे ३४० पिक्सेल मोकळे सोडावे लागतात, कारण तिथे नाव आणि बटणे येतात. यूट्यूब थम्बनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर व्हिडिओची वेळ छापली जाते, म्हणजे लोगो तिथे ठेवला तर तो झाकला जातो. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचे चौकोनी तुकडे ३:४ असे उभे केले. त्याआधी चौरस धरून केलेली रचना आज तिथे कडांना कापलेली दिसते.

उपाय सोपा आहे. फोटो काढतानाच वस्तूभोवती चारही बाजूंनी ऐसपैस जागा सोडा. मूळ फोटो एकच, त्यातून हव्या त्या चौकटी नंतर कापता येतात.

## ३. उजेड जमवा

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. कॅमेरा बदलून तो सुधारत नाही.

टेबल खिडकीला लागून ठेवा, म्हणजे उजेड वस्तूच्या एका बाजूने येईल. उन्हाचा थेट कवडसा नको, कारण त्याने काळीकुट्ट सावली आणि पांढरेफटक डाग पडतात. ऊन येतच असेल तर खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा पडदा लावा. दुसऱ्या बाजूला, फोटोच्या चौकटीत येणार नाही इतक्या अंतरावर, पांढरा पुठ्ठा उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीची बाजू उजळते. पुठ्ठा जवळ आणला की सावली फिकी होते, लांब नेला की गडद. हे सरकवणे डोळ्यांनी बघत करा, दोन-तीन मिनिटांत अंदाज येतो.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. दिवसाच्या उजेडाचे रंग-तापमान ५५०० केल्विनच्या आसपास असते, पिवळ्या बल्बचे साधारण २७००. दोन्ही एकत्र आले की बाटलीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते. कॅमेरा एका वेळी एकच रंग सुधारू शकतो, त्यामुळे ही चूक नंतर कोणत्याही ॲपमध्ये नीट निघत नाही.

बॅकग्राउंडसाठी कागद भिंतीवर वर चिकटवा आणि टेबलावर खाली सोडा. मधे घडी पाडू नका, वळण गोलसर राहू द्या. त्यामुळे मागे भिंत आणि टेबल यांची रेघ दिसत नाही. वस्तू कागदाच्या वळणापासून निदान फूटभर पुढे ठेवा, म्हणजे तिची सावली मागच्या भागावर पडणार नाही.

चकचकीत वस्तूसाठी वेगळी मांडणी. स्टील स्वतः फारसे दिसत नाही. त्याच्यासमोर जे असते ते त्यात दिसते. साध्या खोलीत काढलेल्या बाटलीच्या फोटोत खिडकीची चौकट, खुर्ची आणि फोन धरून उभा असलेला माणूस उभट होऊन उमटतो. म्हणून बाटलीला जे 'दिसते' ते तुम्ही ठरवायचे. डावीकडे ट्रेसिंग पेपर लावलेली खिडकी, उजवीकडे पांढरा पुठ्ठा. दोन्हीकडे बाटलीच्या जवळ, चौकटीच्या जेमतेम बाहेर, साधारण पाच सेंटिमीटर रुंद काळी पट्टी उभी करा. ही पट्टी बाटलीच्या कडेला बारीक गडद रेघ बनून उमटते. ती नसेल तर पांढऱ्या कागदावर स्टीलची कड विरघळून जाते आणि बाटलीचा आकारच कळत नाही.

समोरून फोनचे काळे प्रतिबिंब बाटलीच्या मधोमध येते. पांढऱ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढे भोक पाडा आणि त्यातून फोटो घ्या. फोन जवळजवळ दीड मीटर मागे न्या आणि दोनपट (2x) लेन्स वापरा, प्रतिबिंब आणखी बारीक होते. रिंग लाइट इथे टाळा, त्याचे गोल कडे स्टीलवर जसेच्या तसे दिसते. बाटली पुसून घ्या आणि त्यानंतर हातमोजे घालूनच हात लावा. पडद्यावर मोठा केलेला एक ठसा पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रत्यक्ष बाटली वीस वेळा पुसून होते.

काचेच्या वस्तूला उलटी युक्ती लागते: उजेड मागून द्या आणि दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे ठेवा, म्हणजे काचेच्या कडा उठून दिसतात.

## ४. फोन कसा धरायचा, काय बदलायचे

लेन्स पुसा. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतोच, आणि त्यानेच फोटो धुरकट येतो.

फोन ट्रायपॉडवर लावा आणि त्याची उंची बाटलीच्या मध्याएवढी ठेवा. वरून खाली झुकवून फोटो घेतला की बाटली खाली निमुळती दिसते. कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेघा चालू करा आणि बाटलीची कड उभ्या रेघेला समांतर आहे का ते बघा.

मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. तिने जवळून फोटो काढला तर वस्तूचा पुढचा भाग फुगलेला येतो. मागे सरका आणि दोनपट लेन्स निवडा. फोनला वेगळी दोनपट लेन्स नसेल तर मागे सरकून मुख्य लेन्सनेच घ्या आणि नंतर कापा. बोटांनी ताणून केलेला मोठा झूम मात्र नको.

पडद्यावर वस्तूवर बोट दाबून ठेवा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. पांढऱ्या कागदावरचा फोटो राखाडी येतो याचे कारण इथेच आहे. समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून कॅमेरा उजेड मोजतो, आणि पांढरे जास्त दिसले की फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ ते १ पायरीने वाढवा. काळ्या कागदावर काळी वस्तू असेल तर तेवढेच कमी करा. कागद पांढरा करण्याच्या नादात बाटलीवरचा कोरलेला लोगो उडत नाही ना, हे मोठे करून तपासा.

बॅकग्राउंड धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वस्तूंसाठी वापरू नका. तो कडा अंदाजाने ठरवतो. हँडलच्या आतली मोकळी जागा, दोरीची टोके, काचेची कड यांत तो चुकतो आणि कडा चावल्यासारख्या दिसतात.

टायमर दोन-तीन सेकंदांवर ठेवा. बटण दाबल्याने होणारी हलकी थरथरही जवळच्या फोटोत दिसते.

एकाच मालिकेतल्या सगळ्या रंगांच्या बाटल्या एकाच बैठकीत, ट्रायपॉड न हलवता काढा. टेबलावर बाटलीच्या बुडाभोवती चिकटपट्टीने खूण करून ठेवली की प्रत्येक बाटली त्याच जागी येते. पानावर फोटो शेजारी शेजारी लागतात तेव्हा हा सारखेपणा लगेच जाणवतो.

## ५. सुधारा, पण खोटे करू नका

क्रम असा ठेवा: सरळ करणे, कापणे, उजेड, रंग, डाग आणि शेवटी थोडी धार.

रंगासाठी खरी वस्तू पडद्याशेजारी, दिवसाच्या उजेडात धरून बघा. त्याआधी पडद्याचा रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप रंग बदलणारी सोय बंद करा, नाहीतर तुम्ही चुकीच्या पडद्यावर बरोबर रंग शोधत बसाल. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी एक राखाडी कार्ड ठेवले असेल तर ॲपमधल्या व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून टाकणाऱ्या सोयीची, पिपेट त्यावर टेकवा. बाकीच्या फोटोंना तीच सेटिंग लावली की काम संपते.

आयफोनचे फोटो हेइक प्रकारात आणि रुंद रंगपट्ट्यात साठवले जातात. काही वेबसाइट आणि ॲप त्यांचे रंग फिके किंवा भडक दाखवतात. बाहेर काढताना जेपेग आणि एसआरजीबी (वेबवरचा नेहमीचा रंगपट्टा) निवडा.

बॅकग्राउंड पुसून टाकलेत तर बुडाखालची लहानशी सावली शिल्लक ठेवा. तीही गेली की वस्तू हवेत तरंगल्यासारखी दिसते, आणि बघणाऱ्याला काय खटकते ते सांगता आले नाही तरी फोटो खोटा वाटतो.

एआयने बनवलेल्या चित्रांबद्दल स्पष्टच सांगायला हवे. विक्रीच्या वस्तूचा फोटो म्हणून ती वापरू नका. झाकणाच्या आट्या, शिलाई, बटणांची संख्या अशा गोष्टी ती परस्पर बदलतात, आणि ग्राहकाच्या हातात पडते ती वेगळीच वस्तू. लेखासोबतचे कल्पनाचित्र किंवा नुसते बॅकग्राउंड यासाठी ठीक आहे, पण त्यात देवनागरी अक्षरे असतील तर एकेक अक्षर तपासा.

## ६. चित्रावर मराठी मजकूर

इथे होणाऱ्या चुका इंग्रजीत लिहिलेल्या डिझाइनच्या सल्ल्यांमध्ये सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून.

देवनागरीत अक्षराच्या वरही खुणा असतात आणि खालीही. वेलांटी, रफार, अनुस्वार वर. उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय खाली. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळींचे अंतर घट्ट असते. त्यात मराठी टाकले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ओळीचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास ठेवून बघा. 'पूर्ती' आणि 'र्की'सारखी अक्षरे खाली-वर लिहून तपासली की अडचण लगेच दिसते.

अक्षरांमधले अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात ते शोभते. मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात.

जोडाक्षरे फुटत असतील, 'क्ष'च्या जागी 'क्‌ष' येत असेल किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडल्याशिवाय देवनागरी नीट जुळत नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या. 'मुक्त' (Mukta), 'बालू' (Baloo), 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत आहेत आणि जाड-बारीक अशा अनेक वजनांत मिळतात. एका चित्रात दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत.

वाचता येण्यासाठी अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणात पुरेसा फरक लागतो. वेब-सुलभतेच्या मानकानुसार साध्या मजकुराला निदान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१. मोफत तपासनीस साइटवर दोन रंगांचे कोड टाकले की आकडा मिळतो. पांढऱ्यावर राखाडी ७६७६७६ उत्तीर्ण होतो आणि त्याच्याच शेजारचा ७७७७७७ नापास. डोळ्याला या दोन छटांत फरक कळत नाही, म्हणून अंदाजावर विसंबू नका. फोटोवर पांढरी अक्षरे लिहायची असतील तर मधे ४० ते ६० टक्के काळा पारदर्शक थर घाला.

माहिती फक्त रंगावर सोडू नका. लाल म्हणजे संपले आणि हिरवे म्हणजे उपलब्ध, एवढेच दाखवले तर ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना काहीच कळत नाही. शेजारी शब्द लिहा.

आलेख देत असाल तर खांबांच्या आलेखाची उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू करा. ९० पासून सुरू केलेल्या पट्टीवर ९२ आणि ९६ यांत तिपटीचा फरक दिसतो. हे लक्षात आलेला वाचक तुमचे पुढचे आकडे मानत नाही.

शेवटी चित्र फोनवर उघडा आणि हात लांब करून धरा. मथळा वाचता आला नाही तर शब्द कमी करा. अक्षरे बारीक करून मजकूर कोंबायचा मोह होईल, तो टाळा.

## ७. फाइल हलकी करा

बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. फाइल पाच-सहा एमबीची दिसली तरी दाखवण्यासाठी ब्राउझरला ती उलगडावी लागते. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर ३६ एमबी. पानावर जागा १२०० × ९०० ची असेल तर तेवढ्याच मापाच्या चित्राला सव्वातीन एमबी पुरतात. म्हणजे बघणाऱ्याचा फोन अकरापट ओझे वाहतो आणि डोळ्याला फरक शून्य. म्हणून आधी माप लहान करा, मग दाब द्या (फाइल कॉम्प्रेस करा). नुसता दाब देऊन भागत नाही.

- फोटोसाठी जेपेग, गुणवत्ता ७५ ते ८५. बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात.
- लोगो, स्क्रीनशॉट, पारदर्शक बॅकग्राउंड यांसाठी पीएनजी. लोगो जेपेगमध्ये ठेवला की अक्षरांभोवती धुळीसारखे ठिपके येतात.
- वेबसाइटसाठी वेबपी. गूगलच्या मोजणीनुसार तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा ती २५ ते ३४ टक्के लहान होते.
- हलत्या चित्रासाठी गिफ टाळा. त्यात २५६च रंग मावतात आणि फाइल अवजड होते. छोटा एमपी-४ व्हिडिओ लावा.

दाब देण्यासाठी स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते आणि आधीचे-नंतरचे चित्र शेजारी शेजारी दाखवते.

जेपेग उघडून पुन्हा साठवला की प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दर वेळी तिच्यापासूनच नवी प्रत काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो. छपाईसाठी किंवा वेबसाइटसाठी तो मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

पानावरचे मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे असा गूगलचा निकष आहे. त्यामुळे पान उघडताच दिसणाऱ्या चित्राला 'लेझी लोडिंग' (वाचक तिथवर येईपर्यंत चित्र न उतरवण्याची सोय) लावू नका, ते खालच्या चित्रांना लावा. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर चित्र येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडते.

## ८. नाव आणि पर्यायी मजकूर

फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले ठेवू नका. लहान इंग्रजी अक्षरे, मधे हायफन, आणि वस्तू-रंग-बाजू असा क्रम. फाइलचे नाव देवनागरीत ठेवता येते, पण लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते.

पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना ऐकू येतो आणि चित्र उघडले नाही तर त्याच्या जागी दिसतो. फोनवरून एखाद्याला वर्णन करून सांगावे तसे लिहा. 'बाटली फोटो' याने काहीच कळत नाही. 'निळी स्टीलची बाटली, झाकण आणि रबरी रिंग वेगळी काढून ठेवलेली' याने कळते. 'चित्रात दिसत आहे की' असे लिहायची गरज नाही. निव्वळ शोभेच्या चित्राला पर्यायी मजकूर रिकामा ठेवा.

## ९. हक्क आणि संमती

शोधात सापडले म्हणून चित्र मोफत होत नाही. दुसऱ्याचे चित्र घेताना परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्यांमध्ये 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नाही, 'एनडी' म्हणजे बदल करायचा नाही. मार्केटिंग हा व्यापारी वापर आहे, त्यामुळे 'एनसी' असलेले चित्र तुमच्यासाठी बंद. 'एनडी' असलेले कापताही येत नाही. 'सीसी झिरो' असेल तर श्रेयाचीही अट नाही. विकतच्या चित्रांवर 'एडिटोरियल' (फक्त बातम्या-लेखांसाठी) लिहिले असेल तर ते जाहिरातीत चालत नाही.

चित्र उतरवले त्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि चित्राबरोबर ठेवा. अटी पुढे बदलू शकतात, पान नाहीसे होऊ शकते.

माणूस ओळखू येत असेल तर लेखी संमती घ्या. फोटो कुठे वापरणार, किती काळ, त्यात बदल करणार का, हे त्यात लिहिलेले असावे. मूल असेल तर पालकांची सही. ग्राहकाने स्वतः टाकलेला फोटो पुन्हा वापरायचा असला तरी विचारा, आणि त्याचे उत्तर जपून ठेवा. घरी काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात. मूळ फाइल कोणाला देण्याआधी फोनच्या शेअर करण्याच्या पर्यायात लोकेशन बंद करा.

## १०. छोटा व्हिडिओ कधी हवा

जे हलल्याशिवाय कळत नाही त्यासाठीच: झाकण एका हाताने उघडते का, उलटी केल्यावर गळते का. दहा-पंधरा सेकंद पुरतात. उभा, १०८० × १९२०. वेबसाइटवर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आवाज बंद असेल तरच चालू होण्याची खात्री असते, म्हणून सांगायचे ते पडद्यावर लिहा. मुख्य कृती पहिल्या तीन सेकंदांत यावी. तिथे लोगो फिरवत बसू नका.

एलईडी किंवा ट्यूबलाइटखाली शूट करताना व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर तो विजेच्या वारंवारतेचा परिणाम आहे. ५० हर्ट्झ वीज असेल तिथे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०.

## ११. लावल्यानंतर तपासा

दोन चित्रांत कोणते चालते ते बघायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅकग्राउंड, मथळा आणि कोन एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. थोड्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. दोनशे लोकांनी बघून एकावर चार आणि दुसऱ्यावर सहा क्लिक आले, तर तो योगायोगही असू शकतो. दोन्ही चित्रे एकाच काळात आणि सारख्याच लोकांना दाखवली गेली पाहिजेत.

क्लिकपेक्षा परत येणाऱ्या वस्तूंची कारणे मी जास्त महत्त्वाची मानतो. 'रंग वेगळा निघाला' असे वारंवार आले तर पाचवी पायरी पुन्हा करा. 'लहान निघाली' आले तर हातातला फोटो यादीत वर आणा, कारण बरेच जण पहिले दोन-तीनच फोटो बघतात.

एका साध्या तक्त्यात प्रत्येक फोटो कुठे कुठे लावला आहे ते लिहून ठेवा: वेबसाइट, दुकानाची यादी, पोस्ट, छापील पत्रक. झाकणाचा आकार बदलला, खोक्यातला ब्रश बंद झाला, रंगाची छटा बदलली, की त्याच दिवशी तक्ता काढून जुना फोटो प्रत्येक ठिकाणाहून उतरवा. नवा फोटो तयार व्हायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत ती जागा रिकामी राहू द्या.